चिप कंपन्यांच्या भागीदारीची बातमी कशी वाचावी

जानेवारी 2015 मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी टेग्रा एक्स1 ही चिप सादर केली. त्यांच्या भाषणाचा मोठा भाग मोटारींबद्दल होता. दोन टेग्रा एक्स1 बसवलेला ‘ड्राइव्ह पीएक्स’ नावाचा संगणक कॅमेऱ्यांतून रस्ता ओळखेल, गाडी आपली आपण जागा शोधून उभी राहील, असं चित्र त्यांनी मांडलं. पुढे घडलं ते निराळंच. मार्च 2017 मध्ये निन्टेंडोचं स्विच हे हातात धरून खेळायचं कन्सोल बाजारात आलं, त्यात हीच चिप होती, आणि ते स्विच पुढे 15 कोटींहून जास्त विकलं गेलं. मोटारीच्या नावाने गाजलेल्या चिपला खरं गिऱ्हाईक खेळण्याच्या यंत्रात मिळालं. 2015 च्या घोषणेवर विसंबून ज्याने हिशेब मांडला असेल, त्याने चिप बरोबर ओळखली होती. पैसा कुठून येणार हे मात्र त्याला कळलं नव्हतं.

अशा बातम्या आता सतत आपल्यापर्यंत येतात. अमुक कंपनीने तमुक मोटार उत्पादकाशी हातमिळवणी केली, पुढच्या प्लेस्टेशनचं काम अमक्याला मिळालं, आणि त्याच दिवशी शेअरचा भाव हलतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पैसे पाठवून अमेरिकी शेअर घेणारे, परदेशी शेअरमध्ये गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांत हप्ते भरणारे, नवी गाडी घेताना तिच्यातल्या ‘अडास’साठी, म्हणजे चालक-सहाय्य यंत्रणेसाठी, जादा पैसे मोजणारे, इलेक्ट्रॉनिक्स की संगणक या विचारात पडलेले विद्यार्थी, हे सगळे या बातम्यांवर कमी-अधिक विसंबतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं असं की, भागीदारी कोणी जिंकली याला आधी महत्त्व देऊ नये. ती भागीदारी मोडणं गिऱ्हाईक कंपनीला किती महाग पडेल, हे आधी शोधावं. मोडणं स्वस्त असेल तर करार कितीही गाजो, चिप कंपनीच्या हाती थोडंच लागतं. मोडणं महाग असेल तर बारीक नफ्याचा करारही पिढ्यान् पिढ्या चालतो. गेम कन्सोल आणि स्वयंचलित मोटार हे दोन बाजार शेजारी ठेवून पाहिले की हे नीट दिसतं.

कन्सोलचा धंदा आधी समजून घ्यायला हवा. सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट यंत्रावर फारसं कमावत नाहीत. बरेचदा सुरुवातीला तोटा सोसून विकतात आणि पुढे गेम, वर्गणी, ऑनलाइन दुकान यांतून वसुली करतात. म्हणजे यंत्राच्या आत बसणाऱ्या प्रत्येक भागाची किंमत दर वर्षी खाली यावी, हीच त्यांची मुख्य चिंता असते. 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये प्रोसेसर इंटेलचा आणि ग्राफिक्स चिप एनव्हिडियाची होती. मायक्रोसॉफ्ट या चिप्स तयार माल म्हणून विकत घेत होती. आराखडा तिच्या मालकीचा नव्हता. 2002 मध्ये एक्सबॉक्सची अमेरिकेतली किंमत 299 डॉलरवरून 199 वर आणावी लागली, पण चिपचा दर त्या वेगाने उतरेना. एनव्हिडियाशी झालेला दराचा वाद लवादाकडे गेला आणि फेब्रुवारी 2003 मध्ये मिटला. मिटला तरी पुढच्या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने एटीआय आणि आयबीएम यांना धरलं, आणि या वेळी चिपच्या आराखड्याचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्याचा फायदा 2010 मध्ये दिसला: आयबीएमचा प्रोसेसर आणि एटीआयची ग्राफिक्स चिप हे दोन भाग एकाच सिलिकॉनवर आणून मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 आणखी स्वस्तात बनवलं. वाचकाने या प्रकरणातून एक प्रश्न उचलावा: आराखडा कोणाचा? तो गिऱ्हाइकाचा असेल तर चिप कंपनीला दर वाढवायला फारशी जागा उरत नाही, मग बातमीत तिला विजेती म्हटलेलं असो.

यावर पहिला आक्षेप एएमडी या चिप कंपनीचं नाव घेऊन येतो, आणि तो वजनदार आहे. 2012 साली एएमडीला 118 कोटी डॉलरचा तोटा झाला होता. 2013 मध्ये ऑस्टिनमधलं स्वतःचं आवार विकून तेच भाड्याने घेण्याची वेळ तिच्यावर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन ही दोन्ही यंत्रं बाजारात आली आणि दोन्हींच्या पोटात एएमडीची चिप होती. यंत्रं दुकानांत येण्याआधीच पुरवलेल्या या चिप्सच्या जोरावर कंपनी त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीतच नफ्यात आली. मग भागीदारीने कंपनी वाचवली असं का म्हणू नये? म्हणावं, कारण ते खरं आहे. पण कशी वाचवली ते पाहायला हवं. कन्सोलच्या चिपवरचा नफा एएमडीच्या इतर मालाच्या मानाने कमी होता. या करारांनी कंपनीला श्रीमंत केलं नाही, त्यांनी तिला उसंत दिली. अभियंत्यांचे पगार निघत राहिले, ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच चिपवर आणण्याचं कसब जिवंत राहिलं, आणि त्या अवधीत झेन नावाचा नवा प्रोसेसर तयार झाला. कंपनीचं नशीब पालटलं ते 2017 मध्ये रायझन आणि एपिक हे झेनवर आधारलेले प्रोसेसर आल्यावर. झेनवरचं काम फसलं असतं तर दोन्ही कन्सोलांची कामं हातात असूनही एएमडी बारीक नफ्याची ठेकेदार होऊन राहिली असती.

त्याच सुमारास एनव्हिडियाने उलटा निर्णय घेतला होता. सोनी जी किंमत द्यायला तयार आहे त्या किमतीत हे काम करण्यात आम्हाला रस नव्हता, आमचे अभियंते दुसरीकडे जास्त उपयोगी पडतात, असं तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने 2013 मध्ये उघड सांगितलं. तेव्हा अनेकांना हे आंबट द्राक्षांचं बोलणं वाटलं. आज मागे वळून पाहता ते रास्त हिशेबाचं बोलणं होतं, असं माझं मत आहे. चिप कंपनीचं सर्वांत दुर्मीळ भांडवल म्हणजे अनुभवी आराखडाकार, आणि एका कन्सोलच्या चिपवर त्यातले शेकडो जण दोन-तीन वर्षं गुंतून पडतात. ज्या कंपनीकडे त्यांच्यासाठी दुसरं चांगलं काम नाही, तिने असं काम घ्यावं. जिच्याकडे आहे, तिने ते सोडलं तर बातमीत हार दिसते, ताळेबंदात दिसतेच असं नाही. म्हणून ‘काम हातचं गेलं’ अशी बातमी वाचून शेअर विकायला धावणाऱ्याने आधी पाहावं की त्या कंपनीचे अभियंते मोकळे झाले की बेकार झाले. दोन्हींत मोठं अंतर आहे.

आता मोडण्याच्या किमतीकडे येऊ. सोनीने 2006 च्या प्लेस्टेशन 3 साठी तोशिबा आणि आयबीएम यांच्यासोबत सेल हा अगदी वेगळ्या धाटणीचा प्रोसेसर बनवला होता. 2013 मध्ये ती वाट सोडून सोनी एएमडीकडे आली, तेव्हा प्लेस्टेशन 3 चे खेळ नव्या यंत्रावर चालेनासे झाले. त्या काळी हे लोकांनी चालवून घेतलं, कारण गेम बहुतेक करून डिस्कवर असायचे आणि जुनं यंत्र दूरदर्शन संचाखाली पडून असायचं. पुढच्या सात वर्षांत गेमची खरेदी ऑनलाइन खात्यावर गेली. खात्यात साठलेले शेकडो गेम नव्या यंत्रावर चालायलाच हवेत अशी अपेक्षा रुजली. नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 वर प्लेस्टेशन 4 चे जवळजवळ सगळे खेळ चालतात, कारण दोन्हींतली चिप एकाच घराण्यातली आहे. इथे एएमडी हलवायला अवघड झाली. रॉयटर्सने सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या बातमीनुसार पुढच्या प्लेस्टेशनच्या चिपसाठी इंटेल शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. सुमारे 3,000 कोटी डॉलरचा तो धंदा 2022 मध्ये तिच्या हातून निसटला. चिपमागे किती नफा घ्यायचा यावर एकमत झालं नाही, आणि चिप बदलली तर जुने खेळ चालवण्यासाठी लागणारा खर्चही विचारात आला. इंटेलने या वर्णनाशी असहमती नोंदवली. तरी बातमीतला दुसरा मुद्दा मोलाचा वाटतो, कारण तो कोणाच्या सौदेबाजीवर अवलंबून नाही. एक्सबॉक्सचंही तसंच: मायक्रोसॉफ्टने जून 2025 मध्ये पुढच्या यंत्रांसाठी एएमडीसोबतच अनेक वर्षांचा करार जाहीर केला. सलग तिसऱ्या पिढीत तोच पुरवठादार, यामागे सवयीपेक्षा लोकांच्या खात्यांत साठलेले गेम जास्त आहेत.

तरीही टिकाऊ करार म्हणजे सपाट उत्पन्न नव्हे, हे गुंतवणूकदाराने विसरू नये. कन्सोलची पिढी साधारण सात वर्षांची असते आणि विक्रीचा डोंगर मध्यावर असतो. एएमडीच्या गेमिंग विभागाचं उत्पन्न, म्हणजे कन्सोलच्या चिप्स आणि ग्राफिक्स कार्डं मिळून, 2022 मध्ये सुमारे 680 कोटी डॉलर होतं. 2024 मध्ये ते 260 कोटींवर आलं. या काळात एकही कन्सोल करार मोडला नव्हता. पिढी उतरणीला लागली होती, आणि कन्सोल कंपन्यांकडे आधीचा साठा पडून होता. ज्याने 2022 चा आकडा कायमचा धरून भाव लावला, त्याला भागीदारीने फसवलं नाही. त्याने चक्र पाहिलं नव्हतं. शेअर घेताना यंत्र बाजारात येऊन किती वर्षं झाली, एवढा एक प्रश्न विचारला तरी अशी चूक टळते.

मोटारीचा बाजार याहून खूप निसरडा आहे, आणि तिथेच घोषणांचा पूर सर्वांत मोठा. जुलै 2016 मध्ये बीएमडब्ल्यू, इंटेल आणि इस्रायलची मोबिलआय यांनी एकत्र येऊन 2021 पर्यंत पूर्ण स्वयंचलित मोटार उत्पादनात आणण्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी इंटेलने मोबिलआय 1,530 कोटी डॉलरना विकत घेतली. 2021 आलं, तशी मोटार आली नाही, आणि बीएमडब्ल्यूने चालक-सहाय्याच्या पुढच्या पिढीसाठी क्वालकॉमचं नाव जाहीर केलं. जानेवारी 2017 मध्ये एनव्हिडिया आणि आउडी यांनी 2020 पर्यंत चौथ्या पातळीची, म्हणजे ठरावीक परिस्थितीत माणसाच्या देखरेखीशिवाय चालणारी, गाडी रस्त्यावर आणण्याचं सांगितलं होतं. तीही आली नाही. यात कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. नव्याण्णव टक्के रस्ता ओळखणारी गाडी बनवणं आणि उरलेल्या एका टक्क्यात कोणाचा जीव न घेणारी गाडी बनवणं यातलं अंतर सगळ्यांनीच कमी धरलं. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीखाली एका पादचारी स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा एनव्हिडियानेही रस्त्यावरच्या आपल्या चाचण्या काही काळ थांबवल्या. ज्या बाजारात वेळापत्रक अशा घटनांवर हलतं, तिथे घोषणेतल्या वर्षाला भाव देणं धोक्याचं आहे.

मोडण्याची किंमत तिथे काय असते हे टेस्लाने दाखवून दिलं. ऑक्टोबर 2014 पासून टेस्लाच्या गाड्यांत मोबिलआयची चिप होती. मे 2016 मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलट चालू असताना एक जीवघेणा अपघात झाला आणि जुलैमध्ये दोन्ही कंपन्यांची फारकत जाहीर झाली. ऑक्टोबर 2016 मध्ये एनव्हिडिया आत आली. एप्रिल 2019 मध्ये टेस्लाने स्वतः आराखडा केलेली, सॅमसंगच्या कारखान्यात बनणारी चिप दाखवली आणि एनव्हिडिया गाडीतून बाहेर गेली. साडेचार वर्षांत तीन चिप्स. टेस्लाला हे जमलं, कारण गाडी चालवण्याचं सॉफ्टवेअर आणि रस्त्यावरून गोळा होणारी माहिती तिच्या स्वतःच्या ताब्यात होती. बदलायची होती ती फक्त त्याखालची चिप. याउलट ज्या जुन्या मोटार कंपन्यांना सॉफ्टवेअर जमत नाही, त्या पुरवठादाराला घट्ट धरून राहतात. फोक्सवॅगनने 2020 मध्ये कॅरियाड ही स्वतःची सॉफ्टवेअर शाखा उभी केली, पण तिच्या विलंबामुळे काही मॉडेलं लांबली आणि 2024 मध्ये फोक्सवॅगनला अमेरिकेच्या रिव्हियनमध्ये मोठी रक्कम घालून तिचं तंत्र घ्यावं लागलं. म्हणून मोटारीच्या भागीदारीची बातमी वाचताना माझा पहिला प्रश्न असतो: सॉफ्टवेअर कोण लिहिणार आहे? मोटार कंपनी लिहिणार असेल तर चिप कंपनी पाहुणी आहे. चिप कंपनी लिहिणार असेल तर तिचं बस्तान बसण्याची शक्यता जास्त, मात्र तेव्हाच मोटार कंपनीच्या मनात परावलंबनाची भीतीही सर्वांत जास्त असते आणि ती पर्याय शोधू लागते. मोबिलआयच्या बाबतीत नेमकं हेच झालं. चिप आणि सॉफ्टवेअर एकत्र देणारी तिची बंद पेटी अनेकांना सोयीची वाटली आणि त्याच बंद पेटीपायी काहींनी तिला सोडलं.

घोषणांमध्ये आणखी एक आकडा येतो, मिळवलेल्या कामांची एकूण किंमत. क्वालकॉमने सप्टेंबर 2022 मध्ये मोटारींच्या कामांचा हा आकडा 3,000 कोटी डॉलर सांगितला आणि पुढे तो 4,500 कोटींपर्यंत नेला. हा आकडा म्हणजे कारखान्याकडे झालेली उसाची नोंद आहे: तोड कधी येईल, टनेज किती भरेल, दर काय मिळेल, हे सगळं पुढचं. गाडीचं मॉडेल बाजारात यायला तीन-चार वर्षं जातात, मॉडेल पडलं तर चिपही पडते, आणि मोटार उत्पादकाने अमुक संख्येच्या गाड्या विकण्याची हमी दिलेली नसते. क्वालकॉमचं मोटार विभागाचं प्रत्यक्ष उत्पन्न 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 290 कोटी डॉलर होतं. हे कमी नाही, आदल्या वर्षीपेक्षा ते दीडपटीहून जास्त आहे, आणि मला या क्षेत्रातलं सर्वांत विश्वासार्ह उदाहरण तेच वाटतं. पण त्याची सुरुवात डॅशबोर्डवरचे पडदे आणि मोबाइल जोडणी यांपासून झाली होती. गाडी आपोआप चालवण्याचा भाग मागाहून आला.

साठ्याचं प्रकरण तर याहून शिकवणारं आहे. चिप कंपनी थेट मोटार उत्पादकाला माल क्वचितच विकते. मध्ये बॉश, झेडएफ यांसारखे मोठे पुरवठादार असतात, ते चिप घेऊन कॅमेऱ्यासह पूर्ण भाग बनवतात. करोनाकाळातल्या टंचाईने पोळलेल्या या पुरवठादारांनी मोबिलआयच्या आयक्यू चिप्स गरजेपेक्षा जास्त भरून ठेवल्या. जानेवारी 2024 मध्ये मोबिलआयने सांगितलं की गिऱ्हाइकांकडे 60 ते 70 लाख चिप्स जादा पडून आहेत. एका दिवसात तिचा शेअर सुमारे पाव भागाने कोसळला. 2023 मध्ये 208 कोटी डॉलर असलेलं उत्पन्न 2024 मध्ये 165 कोटींवर आलं. विकलेली चिप आणि गाडीत बसलेली चिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिमाही अहवालात साठ्याबद्दलचा परिच्छेद वाचला तरच ते वेळेत कळतं. तो परिच्छेद नेहमी मागच्या पानांवर असतो आणि नवा करार पहिल्या पानावर.

दुसरा आक्षेप असा येईल की, हे सगळं भूतकाळातलं झालं. जगात वर्षाला काही कोटी कन्सोल विकली जातात, मोटारी त्याहून जास्त, आणि स्वयंचलित गाडीतला संगणक कन्सोलच्या चिपपेक्षा महाग. मग आजचा तोटा सोसून जागा अडवणं शहाणपणाचं नाही का? तर्क चुकीचा नाही, काळाचा अंदाज चुकीचा आहे. एनव्हिडियाने मोटारींवर 2015 पासून सातत्याने मेहनत घेतली. जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचं मोटार विभागाचं उत्पन्न 170 कोटी डॉलर होतं, आणि एकूण उत्पन्न 13,050 कोटी. म्हणजे दहा वर्षांनी शंभरातले सव्वा. ज्यांनी मोटारींच्या भरवशावर एनव्हिडियाचा शेअर घेतला त्यांना भरपूर पैसे मिळाले, पण ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी विकल्या गेलेल्या डेटा सेंटरच्या चिप्सनी मिळवून दिले. याच कारणाने दहा वर्षांपूर्वीचा तर्क आजही बरोबर समजून तो दुसऱ्या कंपनीला लावणं घातक आहे. मात्र इथे या आक्षेपाचं एक अंग मान्य करायला हवं. टेस्लाने गाडीतून एनव्हिडियाची चिप काढली, तरी गाडीला शिकवण्यासाठी लागणाऱ्या डेटा सेंटरसाठी ती एनव्हिडियाच्या हजारो चिप्स घेत राहिली. भागीदारीचा लाभ कधी कधी ज्या खात्यात अपेक्षित असतो त्याच्या शेजारच्या खात्यात जमा होतो. म्हणून मोटार विभागाचा आकडा लहान आहे एवढ्यावरून ते श्रम वाया गेले असंही ठरवू नये. गिऱ्हाईक त्याच कंपनीकडून आणखी काय घेतं ते पाहावं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढं तपासत बसलो तर भाव निघून जाईल. बातमीनंतरच्या पहिल्या तासात भाव जातोच, आणि तो तास आपल्यासारख्यांचा नाही. यंत्रांनी व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्थांचा आहे. आपल्या हाती वर्षं असतात. कन्सोलच्या करारातून पैसा यायला दोन-तीन वर्षं आणि मोटारीच्या करारातून चार-पाच वर्षं लागत असतील, तर पुढच्या दोन तिमाही अहवालांची वाट पाहिल्याने फारसं बिघडत नाही. त्या अहवालांत विभागवार उत्पन्न दिलेलं असतं. एकाच गिऱ्हाइकाकडून दहा टक्क्यांहून जास्त उत्पन्न येत असेल तर तेही अमेरिकी कंपन्यांना सांगावं लागतं. घोषणा मोटारीची आणि विभागाचं उत्पन्न तीन वर्षं जागच्या जागी, असं दिसलं तर त्या घोषणांच्या मोहात पडू नये. एवढं वाचायला वेळ नसेल तर एका कंपनीच्या शेअरऐवजी संपूर्ण क्षेत्राचा फंड घ्यावा हे बरं, कारण भागीदाऱ्या कंपन्यांमध्ये फिरत राहतात आणि फंडात त्या सगळ्या कंपन्या असतात.

गाडी घेणाऱ्याने चिपच्या नावाला आणखी कमी महत्त्व द्यावं. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्यांत पडद्यांसाठी क्वालकॉमची चिप आहे आणि चालक-सहाय्यासाठी मोबिलआयची. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या दोन कंपन्या एकाच गाडीत सुखाने नांदतात, म्हणजे ‘अमुक कंपनी अमुक गाडीत’ या बातमीला गाडीतली नेमकी जागा सांगितल्याशिवाय अर्थ नाही. टाटा समूहातल्या जग्वार लँड रोव्हरने फेब्रुवारी 2022 मध्ये एनव्हिडियाशी करार जाहीर केला, 2025 पासूनच्या नव्या गाड्यांसाठी. अशा घोषणेवर विसंबून आजची खरेदी लांबवू नये किंवा घाईही करू नये. विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षं मिळेल आणि ती लेखी आहे का, पुढची काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून कोण देतं आणि त्याचे किती पैसे पडतात, लेन पुसलेल्या रस्त्यावर यंत्रणा काय करते. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांतली ही सोय दुसऱ्या पातळीची आहे. स्टिअरिंग गाडीने हलवलं तरी जबाबदारी चालकाचीच राहते, चिप कोणाचीही असो.

विद्यार्थ्यांसाठी मात्र या सगळ्या घडामोडींत मोठी संधी आहे. जिम केलर या अभियंत्याची वाट पाहा: 2012 ते 2015 एएमडीत झेनवर काम, 2016 मध्ये टेस्लात जाऊन गाडीची चिप, 2018 मध्ये इंटेल. कंपन्या जिंकत-हरत राहिल्या, त्यांचं कसब सगळीकडे चाललं. म्हणून एखाद्या कंपनीच्या तंत्रात तरबेज होण्यापेक्षा चिप आणि सॉफ्टवेअर यांच्या सीमेवरचं काम शिकावं: कंपायलर, चिप बनण्याआधीची तिची पडताळणी, एम्बेडेड सी, आणि मोटारींसाठी आयएसओ 26262 हे सुरक्षिततेचं मानक. पुण्यात याला जागा आहे. हिंजवडीतली केपीआयटी जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करते, एनव्हिडियाचं विकासकेंद्र शहरात आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्थाही इथलीच. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात हे मानक नसेल तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तोच विषय मागून घ्यावा आणि एखाद्या साध्या ब्रेक-नियंत्रकासाठी धोक्यांचं विश्लेषण पूर्ण करून दाखवावं.